लिहून द्या, बाप्पा

अकरा वर्षं मी ज्या माणसासोबत दुपारचा डबा खाल्ला, त्याच्याबद्दलची एक साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती कळली तेव्हा मी चारशे लोकांमध्ये उभी होते. अजूनही ते आठवलं की आधी धक्का बसतो आणि मग स्वतःचा राग येतो. हा क्रम काही बदलत नाही.

रामटेके सर आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी इथल्याच ब्राह्मणपारा वस्तीतली, मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्या घराण्यातली, रसायनशास्त्र शिकवणारी. साठ-सत्तर जणांच्या स्टाफमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून डबाही एकत्र. "दिवसभर हिंदी बोलून जबडा दुखते ताई," ते म्हणायचे, "तुमच्यासंग जरा मोकळं होतो." आणि वर एक प्रशस्तिपत्र ठरलेलं: "तुमचं बोलणं लय स्वच्छ आहे." मी मनातल्या मनात फुगायचे. आमच्या घरची मराठी शुद्ध आहे, हे निदान एकाला तरी कळतं, असं मला वाटायचं.

उंचीने बेताचे, कायम पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा. चिठ्ठ्या होत्या बातम्यांसाठी. दर महिन्याला निघणारं आमचं चार पानी वार्तापत्र ते एकहाती काढत. कोण नवीन रुजू झालं, कोणाची बदली झाली, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणत्या विभागाने काय कार्यक्रम केला, सगळं त्यात. पण तोंडी सांगितलेली बातमी ते घेतच नसत. ग्रंथालयाच्या दाराशी त्यांनी एक लाकडी बातमी पेटी ठेवली होती. कॉरिडॉरमध्ये कोणी उत्साहाने काही सांगायला लागलं की सर खिशातली चिठ्ठी काढून पुढे करत, समोरचा हिंदी बोलणारा असला तरी मराठीतच: "लिहून द्या, बाप्पा." फोन तर कधीच उचलत नसत. "मेसेज करा. लिहिलेलं राहते, बोललेलं उडून जाते." त्यांच्या या शिस्तीचं प्राचार्या मॅडमनी एकदा भर सभेत कौतुक केलं होतं.

दुसरी सवय अशी की तुम्ही काही म्हणालात की उत्तर देण्याआधी ते तुमचंच वाक्य तुम्हाला परत ऐकवत. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, का परीक्षा पुढे ढकला." मी हो म्हटलं की मग उत्तर. पोरं त्यांची हुबेहूब नक्कल करायची. कॅन्टीनमध्ये चहा मागितला तरी कोणीतरी म्हणायचं, "यानी आपका कहना है कि चाय चाहिए." सर हसायचे, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर, एक क्षण उशिरा. विनोद समजायला वेळ लागतो माणसाला, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

गुटखा खाणाऱ्यांवर त्यांचा भयंकर राग. काउंटरवर कोणी तोंडात पुडी घेऊन आलं की, "पहले थूक के आओ, फिर बात करो." या राज्यात हे म्हणायला धाडस लागतं. तंबाखूविरोधी दिनाला त्यांचा सत्कारही झाला. आणि वनस्पतिशास्त्राच्या शुक्ला सरांशी त्यांचं अजिबात जमत नसे. कारण विचारलं तर म्हणत, "मिशीवाल्या माणसासंग माह्यं पटत नाही." एवढ्या झुपकेदार मिशीचा कोणाला राग येऊ शकतो, हे मला अगदी पटण्यासारखं होतं.

सगळ्यात नवलाची गोष्ट त्यांचं ग्रंथालय. तिथे शांतता नव्हतीच. पोरं-पोरी मोठमोठ्याने चर्चा करत, खुर्च्या सरकवत, सर काउंटरवर स्वस्थ पुस्तकांना नंबर टाकत बसलेले. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, हा काय मासळीबाजार? तुम्ही काही म्हणत का नाही?" तर म्हणाले, "बोलू द्या ताई. मले काही त्रास नाही." बाहेरून आलेल्या एका तपासणी पथकाने ही मुक्त अध्ययनाची पद्धत म्हणून नोंदवून घेतली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ही सगळी माहिती माझ्या डोळ्यांसमोर होती. वर्षानुवर्षं. मी विज्ञान शिकवते आणि निरीक्षण नीट करा म्हणून पोरांवर ओरडते.

ग्रंथालयाशिवाय त्यांच्याकडे दोन कामं होती. एक समान संधी कक्षाचं. प्रवेश अर्जात अपंगत्वाचा रकाना असतो आणि बरीच मुलं तो रिकामा सोडतात. सर अशा मुलांना हुडकून काढत आणि ग्रंथालयात बोलावून समजावत. एक वाक्य मी दहादा तरी ऐकलंय: "छुपाओ मत बेटा. छुपाने में डबल मेहनत है. एक काम की, एक छुपाने की." त्यांच्या मागे लागण्यामुळे ग्रंथालयाला उतार झाला, जिन्याला कठडा आला, आणि पूर्णिमा आली. पूर्णिमा साहू, अभनपूरकडच्या एका खेड्यातली, जन्मापासून ऐकू न येणारी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्यासाठी सरांनी प्राचार्यांच्या खोलीसमोर बसून बसून नीलिमा दीदींची नेमणूक करून घेतली. दीदी वर्गात पूर्णिमाच्या समोर उभ्या राहून शिक्षकांचं सगळं बोलणं खुणांच्या भाषेत सांगत. चार वाजता पूर्णिमा आणि सर ग्रंथालयाच्या खिडकीत बसत आणि ती त्यांना खुणा शिकवे. त्यांचा हात चुकला की ती सरळ धरून दुरुस्त करायची. एका पोरीसाठी या वयात नवी भाषा शिकणारा माणूस, म्हणून आम्ही सगळे भारावून होतो.

दुसरं काम सूत्रसंचालनाचं. आणि तिथे मात्र सरांचा थाट वेगळा. निरोप असो, सत्कार असो, वार्षिकोत्सव असो, माइकवर रामटेके सरच. आवाज खणखणीत. उजव्या हातात माइक, डावा तळवा छातीवर. ती त्यांची नम्रतेची लकब आहे असं सगळे समजत. स्टेजवरून उतरल्यावर चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं की वाटे, या माणसाकडून बाकी सगळं काढून घ्या, पण हे नका काढू.

मध्ये आमचा अबोला झाला होता. माझ्या वडिलांचा रिपोर्ट वाईट आला त्या दिवशी मी जिना उतरताना सरांच्या मागे होते. घरी कोणाला सांगायचा धीर नव्हता, पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. मागून म्हटलं, "सर, बाबांना कॅन्सर निघाला." ते उतरत राहिले. वळलेसुद्धा नाहीत. मी जिन्यात तशीच उभी राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून माझा डबा माझ्या विभागात खायला लागले. तीन महिन्यांनी बाबा गेले तेव्हा सर ब्राह्मणपाऱ्यात घरी आले, बराच वेळ बसले आणि जाताना म्हणाले, "मले आधी काहून नाही सांगतलं ताई?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात माणसं होती म्हणून मी उठून आत गेले. पुढे हळूहळू डबा पुन्हा एकत्र सुरू झाला, पण ते मी मनातून काढलं नव्हतं.

मग तो कार्यक्रम झाला. स्टाफमधल्या गुणवंतांचा सत्कार, भरगच्च सभागृह, बाहेरून आलेले मोठे पाहुणे. आमच्याकडे सरकारी कार्यक्रम राज्यगीताने सुरू होतो. सूत्रसंचालक सांगतो, सगळे उभे राहतात, संगणकावरून गीत वाजतं, संपलं की सूत्रसंचालक बसायला सांगतो. सरांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं. आम्ही उभे राहिलो. गीत सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीवर बंद पडलं.

तांत्रिक घोळ काही नवीन नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. संगणकावरचा माणूस घाईघाईने बटणं दाबत होता. मी स्टेजकडे पाहिलं. सर सावधान उभे होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ते गात होते, आवाज न काढता, शब्दाला शब्द. पाच सेकंद गेले, दहा गेले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. सभागृहात चिडीचूप. बसावं की काही बोलावं, कोणालाच कळेना. पहिल्या रांगेत पूर्णिमा होती. दीदींचे हात थांबलेले बघून तिला कळलं होतं. ती सरांकडे बघून दोन्ही हात जोरजोरात हलवत होती, थांबलं, थांबलं, पण मिटल्या डोळ्यांना खुणा कशा दिसणार? चारशे माणसं आणि एकटा तो माणूस, नसलेल्या गाण्याबरोबर. गीत जितकं लांब आहे बरोबर तितका वेळ ते उभे राहिले. मग डोळे उघडले, माइक वर केला, तळवा छातीवर ठेवला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "कृपया आसन ग्रहण करें."

माझ्या हातातली पर्स खाली पडली.

आणि याहून भयंकर पुढे झालं. पाहुण्यांनी भाषणाच्या सुरुवातीलाच सांगितलं की मशीन रुका, लेकिन इनकी श्रद्धा नहीं रुकी. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. शुक्ला सर तर उभे राहून वाजवत होते. स्टेजवर रामटेके सर हात जोडून हसले, नेहमीसारखे, एक क्षण उशिरा. आपलं कौतुक कशाचं चाललंय हे त्यांना कळलेलं नव्हतं. ते मला कळलं, आणि पूर्णिमाला. तिने मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी मी डबा न घेताच ग्रंथालयात गेले. त्यांच्यासमोर बसले.

"सर, काल गीत दुसऱ्या ओळीला बंद पडलं."

त्यांनी माझं वाक्य परत म्हटलं नाही. हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "बंद पडलं?"

"हो. पुढचं सगळं तुम्ही एकटेच उभे होते."

"अन् लोक?"

"लोकही उभे होते. मग टाळ्या वाजवल्या."

"मले वाटलं सत्काराच्या टाळ्या आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला की मी उठून पाणी आणलं. ते प्यायले नाहीत. ग्लास बाजूला सरकवून म्हणाले, "सहा वर्षं झाली ताई. आधी उजवा गेला, मग डावा. आता ढोल वाजला तर छातीत समजते, बस."

ड्रॉवर उघडून त्यांनी कानाची मशीन दाखवली. "हे घालून पायलं. माइकजवळ गेलो का सगळ्या हॉलमध्ये शिट्टी वाजते. एकदा बंद खोलीत करून पायलं अन् ठेवून देली. आता तिचा उपयोगही नाही."

सगळं एका झटक्यात माझ्यासमोर आलं. चिठ्ठ्या, मिशा, गुटखा, ग्रंथालयातला बाजार, छातीवरचा हात. आवाज किती मोठा निघतोय ते तो हात सांगत होता. आणि माझं स्वच्छ बोलणं! मी शिक्षकी सवयीने तोंड उघडून, समोर बघून बोलते, माझे ओठ वाचायला सोपे, एवढंच त्याचं कारण होतं. माझी शुद्ध मराठी त्या माणसाने सहा वर्षांत ऐकलीच नव्हती. आणि जिना. मला जिना आठवला आणि रडूच फुटलं.

"काहून रडता?" त्यांनी घाबरून विचारलं. मी एक चिठ्ठी ओढली आणि जिन्याचं लिहून दिलं. तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि बुशशर्टाच्या खिशात ठेवली.

मग मीच भांडायला उठले. "पोरांना लपवू नका म्हणता आणि स्वतः? कायद्याने तुमची नोकरी कोणी घेऊ शकत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

"नोकरीचं भ्या नाही जी. माइक घेतीन. प्रेमानं घेतीन. आता आराम करा सर, म्हणतीन. मंग मी काय, नुसता पुस्तकाले नंबर टाकणारा."

"आणि खुणा शिकलात ते पूर्णिमासाठी की स्वतःसाठी?"

हे मी विचारायला नको होतं. पण त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "पहिले दोन महिने तिच्यासाठी. मंग माह्यासाठी. आता मले वेगळं करता येत नाही." पुढे म्हणाले, "तिले पहिल्याच दिवशी समजलं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहून राहिलो होतो, तिनं माह्या कानाकडे बोट केलं."

एका पोरीला पहिल्या दिवशी. मी बाहेर येऊन उतारावरच्या कठड्याला धरून उभी राहिले.

कोणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. पण शुक्रवारी स्टाफ कौन्सिलची सभा होती आणि विषय होता नीलिमा दीदींचा. त्यांना दुसऱ्या संस्थेत पाठवायचं, पूर्णिमाला छापील नोट्स द्यायच्या, असा प्रस्ताव. म्हणजे वर्गात शिक्षकांचे हलणारे ओठ बघत बसायचं आणि घरी जाऊन कागद वाचायचे. पूर्णिमाने सरांना आधीच सांगून ठेवलं होतं, दीदी गेल्या तर मीही गावाला जाते. दीदींना सभेत बोलावलं होतं. त्या सवयीने सगळं बोलणं खुणांनी सांगत होत्या, आणि सर त्यांच्यासमोर बसले होते.

प्राचार्या मॅडम वाईट नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "रामटेके जी, पूरे कैंपस में नीलिमा जी की ज़रूरत कितनों को है? एक बच्ची को. एक के लिए पूरा पद मैं कैसे रखूँ?"

सर उभे राहिले. समोर माइक नव्हता, तरी डावा तळवा छातीवर गेला.

"एक नहीं मैडम. दो. लिखिए, दो."

"दूसरा कौन है? किस क्लास में?"

"लाइब्रेरी में," सर म्हणाले. मॅडमना कळलं नाही. मग ते म्हणाले, "मैं आपको छह साल से देख रहा हूँ मैडम. सुन नहीं रहा."

कोणीतरी हसू की नको अशा आवाजात "क्या?" म्हणालं. शुक्ला सर मोठ्याने म्हणाले, "अरे, लेकिन आप तो हमसे रोज़ बात करते हैं!" दीदींनी खुणा केल्या. सरांनी शुक्ला सरांकडे वळून सांगितलं, "शुक्ला जी, आपकी मूँछों के नीचे क्या चलता है, मुझे आज तक पता नहीं चला." दोघं-तिघं हसले आणि हसता हसता थांबले. शुक्ला सरांचा हात मिशीवर गेला तो तिथेच राहिला. मॅडमनी समोरचा कागद जवळ ओढला. मग त्यांनी पेन उघडलं, एकावर काट मारली आणि दोन लिहिलं.

दीदी राहिल्या. पूर्णिमाही राहिली.

त्या महिन्याच्या वार्तापत्रात, शुक्ला सरांच्या मुलीच्या लग्नाची बातमी आणि एका प्रयोगशाळा सहायकाची बदली यांच्यामध्ये, तीन ओळी होत्या. ग्रंथपाल श्री. रामटेके यांना आता ऐकू येत नाही. त्यांच्याशी समोर येऊन बोलावं. बातम्या पूर्वीप्रमाणेच पेटीत टाकाव्यात.

आणि माइक? पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत सूत्रसंचालक म्हणून माझं नाव छापून आलं. मला कोणी विचारलं नव्हतं, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम मला म्हणाल्या, "अब उनको आराम करने दीजिए." शब्द न शब्द तोच. मला पुन्हा धक्का बसला, आणि या वेळी रागही मोठा आला. मी पत्रिका घेऊन ग्रंथालयात गेले, म्हटलं मी नाही करणार. त्यांनी ती वाचली, माझ्या नावावर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं.

"नाही म्हणू नका," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाले देतीन अन् तो कागदात तोंड घालून वाचन. तुम्ही करा. फक्त तोंड समोर ठेवा."

ते या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात अर्थातच मी माइकवर होते. ते पहिल्या रांगेत, शेजारी पूर्णिमा, समोर स्टेजखाली नीलिमा दीदी. मी उभं राहायला सांगितलं. गीत सुरू झालं, दीदींचे हात हलायला लागले. सर सावधान उभे होते, पण डोळे उघडे होते. ते टक लावून त्या हातांकडे बघत होते. दुसरी ओळ आली तशी मी संगणकावरच्या माणसाकडे पाहिलं. गीत चालू राहिलं. शेवटपर्यंत गेलं. दीदींचे हात खाली आले. मी बसायला सांगितलं आणि सर सगळ्यांबरोबर बसले.

बसल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळे खरंच बसलेत ना, ते रांगेवरून रांगेवर नजर फिरवून बघून घेतलं. मग माझ्याकडे वळले. मी कागद हातात धरून नुसतीच उभी होते. त्यांचे ओठ हलले. आवाज त्यांनी काढलाच नव्हता, पण मला स्पष्ट दिसलं: "बोला, ताई."